तीन बाजूंचं कुंपन आनि आमचे भालेराव गुरुजी

काल मला झोप न्हाई. परवाबी नव्हती. आमच्या मळ्यात झोप न्हाई म्हनलं की लोक इचारतात, बिबट्या आला व्हता का? तर न्हाई. हे भ्या कागदाचं हाय. भालेराव गुरुजींना पंच्याहत्तर वर्सं पुरी व्हतात, त्यांच्यावर पुस्तक काढतोय, तूबी लिही, असं सत्कार कमिटीच्या भाऊंनी सांगितलं. मी म्हनलं, मी सातवी शिकलेली, मला काय येतंय? ते म्हनले, "बोलतीस तसं लिही, ताई." पन गुरुजींचं खरं लिहायचं तर माझी एक चूक लिहावी लागती, आनि ती माझ्या सख्ख्या भावाला, संतोषला, अजून ठावं न्हाई. म्हनून झोप न्हाई.

गुरुजी मला तिसरीला व्हते. भागाकार शिकवून झाला की इचारायचे, "समजलं का?" मी सगळ्यांच्या आधी "हो गुरुजी" म्हनायचे. एकदा त्यांनी फळ्याकडं बोलावलं. मी खडू धरून हुबी. गुरुजींनी मारलं न्हाई. हसले आनि म्हनले, "पोरी, न्हाई म्हनायला शिक. भागाकार मागनं येईल." भागाकार आला. दुसरं लई उशिरा आलं.

रिटायर झाल्यावर गुरुजी घराच्या ओट्यावर बसून लोकांचे अर्ज लिहायला लागले. एक रुपया घेत न्हाईत. चहासुदिक आपल्या घरचा पाजतात. मोठं काम असलं की आमदारसाहेबांकडं पाठवतात. आमदारसाहेब अधिवेशनात त्याचा प्रश्न करतात आनि मंत्रीसाहेबांचं लेखी उत्तर येतं. हे असं असतं हे आमाला गुरुजींनीच सांगितलं. मला वाटायचं तिथं नुसतं भांडत्यात.

आमच्या मळ्यातल्या अंगनवाडीला कुंपन नव्हतं. मागं लगेच ऊस. माझे मालक टेम्पोवर, म्हनून मी माहेरीच ऱ्हाते, आनि माझी परी त्याच अंगनवाडीत बसती. एक दिवस दुपारचं, पोरं खिचडी खात व्हती, आनि मागच्या दाराजवळनं बिबट्यानं कुत्रं उचललं. परी घरी येऊन म्हनली, "आई, मोठी माऊ भूभूला घेऊन गेली."

संतोष तसाच गुरुजींकडं पळाला. म्हनला, "गुरुजी, लिवा, बिबट्या रोज येतो."

"रोज? तू किती डाव पाह्यलास?"

"चार डाव."

"मग चार लिहिनार."

"गुरुजी, चारनं कोन हलतंय?"

"न हलू दे. आपलं खोटं निघालं तर पाचव्या डावाला कोनी इचारनार न्हाई."

असे गुरुजी. खाली संतोषची सही घेतली आनि अर्ज आमदारसाहेबांकडं धाडला.

मग एक दिवस जीप आली. मुंबईला उत्तर द्यायचं म्हनून हापिसातले साहेब पाहनी करायला आले व्हते. संतोष नारायणगावला गेलेला. उनाचे आले व्हते, मी खाट टाकली, गुळाचा चहा केला. साहेब लई चांगले बोलले. परीला बिस्कीट दिलं. जाताना इचारलं, "काय ताई, काही त्रास?" आनि मी म्हनलं, "न्हाई साहेब, तुमच्या कृपेनं समदं बरं हाय."

आमच्याकडं दारात आलेल्या पावन्याला कोनी रडगानं सांगत न्हाई. मला वाटलं ते खुशाली इचारतात. साहेबांनी ते लिहून घेतलं.

उत्तर आलं तवा गुरुजींनी पारावर वाचून दाखवलं. "मळ्यातील अंगणवाडीस कुंपण नसल्याने बालकांच्या जीवितास धोका आहे, हे खरे आहे काय?" उत्तर, "हे खरे नाही." त्याच्या खालच्या प्रश्नांना, "प्रश्न उद्भवत नाही." लोक हसले. त्या दिवसापास्नं संतोषला तेच नाव पडलं. रस्त्यानं निघाला की, "काय राव उद्भवत न्हाई, कुठं निघाला?" सोयरीक बघायला गेला तिथंबी कोनीतरी म्हनलं, ह्यो बिबट्या दावनारा का? दिवाळीच्या आत तो चाकनला कंपनीत गेला. तो परत आलेला न्हाई.

दुसऱ्या दिवशी गुरुजी काठी टेकत माझ्याकडं आले. खिशातनं घडी घातलेला कागद काढला. उत्तराबरोबरच आलेला. त्यात माझं नाव व्हतं, की यांनी तक्रार नसल्याचं सांगितलं. पारावर गुरुजींनी तेवढं पान वाचलंच नव्हतं.

मी रडायला लागले. गुरुजी म्हनले, "चहा दिलता का?"

"दिलता."

"मग झालं. चहा दिल्यावर तुझ्या तोंडनं दुसरं काय निघनार?" मग म्हनले, "मंत्री मळ्यात येऊन बघत न्हाईत. खालनं जे जातं तेच वरनं लिहून येतं. आपल्याला खालचं नीट करायचंय. आनि हे संतोषला मी सांगनार न्हाई. तुला वाटंल तवा तू सांग."

त्यांनी दुसरा प्रश्न लिहिला. पाहनी करताना बाकीच्या आयांना इचारलं का, ऊस किती फुटावर हाय ते मोजलं का, असा. टेप घेऊन सोता मोजलं, या वयात, वाकून. आनि मला तयार केलं. खाटेवर बसून म्हनले, "मी साहेब. काय ताई, काही त्रास?"

"न्हाई साहेब."

काठी आपटली. "परत!"

"तसा न्हाई, पन..."

"परत! चहा नंतर, आधी बोल."

सासूबाई आलेल्या, त्या पदर तोंडाला लावून हसत व्हत्या. सातव्या आठव्या डावाला माझ्या तोंडनं निघालं, "त्रास हाय साहेब. कुंपन न्हाई. मागं ऊस हाय. माझी पोर आत बसती." गुरुजी उठले आनि म्हनले, "आता कर चहा."

दुसरे साहेब आले तवा मी हेच बोलले. चहा मागनं केला. उत्तर आलं, "हे अंशतः खरे आहे." उन्हाळ्यात जाळी आली, तीन बाजूंनी. गुरुजी म्हनले, "मंत्रीसाहेबांनी तीन बाजू खऱ्या धरल्या. चौथीचा प्रश्न टाकलाय." उसाकडची बाजू अजून मोकळी हाय. शाळा सुटेस्तवर मी तिथं काठी घेऊन बसते. गुरुजीबी येतात, पेपर वाचत बसतात, आनि परीला भागाकार शिकवायची घाई करतात.

गुरुजी, तुमचे गुडघे बरे ऱ्हावेत, डोळे चांगले ऱ्हावेत. चौथी बाजू बंद झालेली तुमी बघावी, आनि परीच्या पोरांचे अर्जबी तुमीच लिहावेत.

आता एक काम हाय. रविवारी गुरुजींचा सत्कार हाय, संतोष यायला पायजे. मी त्याला फोन करते. तो इचारतो, "बरी हायस का गं?" मी म्हनते, "बरी हाय," आनि फोन ठेवते. दर डाव असंच व्हतं. तर जो कोनी हे वाचंल, त्यानं माझ्या भावाला फोन करा. नंबर गुरुजींच्या वहीत हाय. त्याला सांगा, तू खरं बोलला व्हतास, न्हाई म्हननारी तुझी बहीन व्हती. आनि सांगा, ती बरी न्हाई.