मेहुण्यांचा राजीनामा

अर्ज करून सुटणार नाही अशी अडचण परमेश्वराने निर्माणच केलेली नाही, असं आमचे मेहुणे मानत. माझ्या बहिणीचे हे यजमान नोकरीसाठी महाराष्ट्रातून झाशीला आले आणि इथलेच झाले. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या इथले असूनही मोहल्ला मला 'जीजाजी के साले' म्हणून ओळखतो. शेजाऱ्याने भोंग्याचा आवाज कमी करावा म्हणून ते लेखी अर्ज देत आणि पोच घेत. दुसरा चहा हवा असला तर बहिणीलाही चिठ्ठी पाठवत. ती त्यावर 'नामंजूर' लिहून चहासकट परत करी.

निवृत्तीनंतर त्यांनी झाशीच्याच नगरा वस्तीत संध्याकाळचा वर्ग काढला. तिथली पोरं एका स्वयंघोषित गुरूच्या टोळीत शिरत. गंडा बांधून शपथ घ्यायची, मग गुरू सांगेल त्याचं डोकं फोडायचं. ज्याला अर्ज लिहिता येतो तो काठी उचलत नाही, हा मेहुण्यांचा सिद्धांत. शुद्धलेखन तपासायला मी, कारण मी हिंदीचा निवृत्त मास्तर.

दीपू नावाच्या एकोणीस वर्षांच्या मुलाला टोळी सोडायची होती. म्हणून टोळीवाल्यांनी त्याला मारलं होतं, आणि त्याच्या आईने ठाण्यात तक्रार दिली होती. मेहुणे त्याला म्हणाले, "राजीनामा दे दो, बेटा. इज़्ज़त से निकलो." दीपूने लिहिलं: 'आज से हमारा-आपका कोई झगड़ा नहीं, कोई नाता नहीं.' मी दोन अनुस्वार दिले आणि कृतार्थ झालो. मग मेहुणे त्याला घेऊन गुरूच्या गल्लीत शिरले. मी कोपऱ्यावर स्कूटर चालू ठेवून उभा राहिलो. माझं शौर्य तेवढंच.

अर्ध्या तासाने दोघे पेढे खात बाहेर आले. कागदावर गुरूची सही, खाली दोन साक्षीदारांच्या. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. इथल्या ठाण्या-कचेरीत राजीनामा म्हणजे तडजोड. गुरूला वाटलं, आई तक्रार मागे घेते आहे. पुढे तिने ती मागे घेतलीही, आणि दीपू टोळीतून सुटला. जन्मभर हिंदी शिकवलेल्या मला मेहुण्यांशी बोलताना फक्त मराठी अर्थ आठवला होता. त्यांना सांगितलं तर म्हणाले, "मंजूर झाला ना? मग अर्थ तू घरी बसून बघ."

मेहुणे माघात गेले. तेराव्यानंतर दीपू धाकट्या भावाला घेऊन आला. आता हा भाऊ त्याच टोळीत अडकला होता.

"मास्साब, कागद हमने लिख लओ. जीजाजी हमाए संग भीतर गए ते. आप चलहो?"

मी कागद दोनदा वाचला. दुरुस्त करण्यासारखं काहीच नव्हतं. हे मेहुण्यांनी पाहायला हवं होतं. मी येतो म्हणालो, पण इतकं हळू, की दीपूला पुन्हा विचारावं लागलं.