मुरलीधर भाऊजींचे मंगळवार

मंगळवारी सकाळी नळ लवकर जातो, म्हणून माझी टाकीशी धावपळ चालली होती. एका गॅसवर ह्यांच्या डब्याची भाजी, दुसऱ्यावर चहा, आणि भिजवलेले पोहे चाळणीत तसेच राहून गेलेले. तेवढ्यात दार वाजलं. बेल असताना दार ठोकणारा आमच्या गल्लीत एकच माणूस, मुरलीधर भाऊजी. बेलने घरातलं माणूस दचकतं, असं त्यांचं म्हणणं.

दार उघडलं तर भाऊजी इस्त्रीच्या शर्टात, गळ्यापर्यंत बटणं लावून, हातात फोन घेऊन उभे.

"वहिनी, तुमच्या टेबलाशी थोडा वेळ बसू का? ऋचाने मला कोच लावून दिली. फोनवर दिसते ती. घरी बोलता येत नाही."

ह्यांनी बूट घालता घालता विचारलं, "कशाची कोचिंग, भाऊ? पीएससीला बसून राहिले का या वयात?"

"हस बाबा. मीही पोरीला तेच विचारलं. म्हणे, लाइफ कोच. म्हटलं, लाइफ तर आटपत आली, आता काहून कोचिंग?"

हसले सगळे. पण घरी का बोलता येत नाही, हे आम्हाला दोघांनाही ठाऊक होतं.

भाऊजींचं सगळं आयुष्य या हिंदी मुलखात, आमच्या गढ्यातच गेलं. वडील रेल्वेत होते, वर्ध्याकडून आलेले. भाऊजी फॅक्टरीत लागले आणि तपासणीच्या विभागातून निवृत्त झाले. आलेला नग मापाला लावायचा, बसला तर पास, नाही बसला तर बाजूला. आमचे हे त्यांच्याच हाताखाली तयार झाले. गल्लीतला कुणाचा मिक्सर बंद पडला, कुणाच्या दाराची कडी बसेना, की भाऊजी. पैसे विचारले तर म्हणायचे, चहा पाजा, चलो.

त्यांच्या घरात त्यांच्या बायकोचा, मनीषाचा, एक नियम होता. उंबऱ्याच्या आत मराठी. स्वप्निल, त्यांचा धाकटा, शाळेतून यायचा तो हिंदी बोलतच. "मम्मी, भूख लगी है." मनीषा उत्तरच द्यायची नाही. स्वयंपाकघरात उभी राहून कुणी आलंच नाही असं दाखवायची. मग तो पोरगा वैतागून, तोडक्यामोडक्या मराठीत, "आई, भूक लागून राहिली ना," म्हणायचा, आणि ताट समोर यायचं. मोठा झाला, नोकरीला लागला, तरी हा खेळ चालू होता. मी स्वतः कितीदा पाहिला.

दोन वर्षांमागे बायपासवर त्याच्या गाडीला ट्रक लागला. सत्तावीस वर्षांचा होता.

तेरावं झालं, माणसं पांगली, ऋचा पुण्याला परत गेली. त्यानंतर कधीतरी मनीषा घरात हिंदी बोलायला लागली. नवऱ्याशी. "खाना लगा दिया है, आप खा लीजिए." भांडण नाही, आवाज चढवणं नाही. दुकानदाराशी बोलावं तशी नीट, अदबशीर हिंदी. मला ताई म्हणायची, ती दीदी म्हणू लागली. तिला बरं वाटत असेल म्हणून आम्हीही तिच्याशी हिंदीच बोलू लागलो. आणि स्वप्निलचं नाव तर सगळ्यांनीच टाकलं. जखम कशाला उकरायची, म्हणून.

तर असे भाऊजी माझ्या टेबलाशी बसले. मी बाहेर अंगणात जाते म्हटलं, तर म्हणाले, "नका जाऊ. तुम्ही आत असल्या तर मला धीर राहील." मग मी ओट्याशीच राहिले आणि पोह्यांना फोडणी घातली.

कोचचं नाव दीपा, नागपूरची, चाळिशीची असावी. तिने आधी साफ सांगितलं की मी डॉक्टर नाही. झोप, जेवण, जीव नकोसा वाटणं, हे सगळं आडवळण न घेता विचारलं, त्यांचं आणि घरच्यांचंही. मनीषा दोन-दोन दिवस जेवत नाही हे ऐकल्यावर म्हणाली, "काका, त्यांना मानसोपचाराच्या डॉक्टरांना दाखवा. ते काम माझं नाही, आणि ते थांबवून ठेवू नका." त्याच आठवड्यात ऋचा आली आणि आईला डॉक्टरांकडे घेऊन गेली. औषध सुरू झालं. जेवण थोडं सुधारलं. भाषा नाही.

त्या पहिल्याच भेटीत दीपाने पुढे विचारलं, "या भेटींमधून तुम्हाला काय हवंय?"

"मनीषाने माझ्याशी मराठीत बोलावं," भाऊजी लगेच म्हणाले. "पहिल्यासारखं. बस. ते कसं करायचं, सांगा."

"ते त्यांच्या हातात आहे. तुमच्या हातात काय आहे?"

भाऊजी गप्प. दीपाही गप्प. मला वाटलं नेट गेलं, म्हणून मी डोकावून पाहिलं. नेट चालू होतं. ती नुसती वाट पाहत होती.

फोन ठेवल्यावर भाऊजी पोहे खाता खाता कुरकुरले, "अजब बाई आहे. मी विचारतो तर मलाच विचारते. सल्ला एकही नाही. सल्ला तर आपला विक्की पानवाला फुकट देते."

तरी पुढच्या मंगळवारी दार वाजलंच. त्याच्या पुढच्याही. मी हळूहळू समजत गेले. प्रत्येक भेटीत ते स्वतःच एखादी छोटी गोष्ट ठरवायचे, आठवडाभर करून पाहायचे, आणि काय झालं ते येऊन सांगायचे. एका आठवड्यात ठरवलं, मनीषा स्वयंपाक करते तेव्हा टीव्हीसमोर बसायचं नाही, तिथेच पाटावर बसायचं. काही विचारायचं नाही. पहिल्या दिवशी ती म्हणाली, "कुछ चाहिए?" ते नाही म्हणाले. चौथ्या दिवशी तिने काही न बोलता मटारच्या शेंगा त्यांच्यापुढे सरकवल्या. भाऊजींनी हे दीपाला असं सांगितलं, जसं काही प्रमोशनच मिळालं.

आम्ही बाकीच्यांनी दोन वर्षांत त्यांना किती काय सांगितलं होतं. तीर्थाला जा, घर बदला, पोरीकडे राहा. त्यांना बोलू मात्र कुणी दिलं नव्हतं. मीही नाही.

एका मंगळवारी दीपाने विचारलं, "हिंदी नेमकी कोणत्या दिवसापासून सुरू झाली, आठवतं?"

भाऊजींनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"तेराव्यानंतर मी त्याचे कपडे वाटले," ते म्हणाले. "सगळेच म्हणत होते, समोर नका ठेवू, तिला त्रास होईल. मला काम नीट करायची सवय. एकेक कप्पा रिकामा केला. मनीषा आत पडून होती. तिच्या टोपलीत स्वेटर होता, त्याच्यासाठी विणून राहिली होती. अर्धाच झाला होता. पाठ पूर्ण, पुढची बाजू छातीपर्यंत. मला वाटलं, हा तर सगळ्यात आधी जायला पाहिजे, हाच दिसला तर ती मरेल. सुयांसकट पिशवीत टाकला. ग्वारीघाटावर एका माणसाला देऊन आलो."

त्यांनी टेबलावरचा चष्मा उगाच सरळ केला.

"संध्याकाळी ती उठली. टोपली पाहिली. मला म्हणाली, इसमें कुछ रखा था. तेव्हापासून."

मी ओट्याकडे तोंड करून उभी राहिले. त्या स्वेटरचा रंग मला ठाऊक होता. सराफ्याजवळच्या दुकानातून लोकर आणायला मीच तिच्याबरोबर गेले होते. मनीषा राखाडी घेत होती, आणि स्वप्निलने फोनवर सांगितलं होतं, "आई, म्हाताऱ्याचा रंग नको." मग आम्ही गडद हिरवा घेतला.

त्या आठवड्यासाठी भाऊजींनी ठरवलं, माफी मागायची. दीपाने एवढंच विचारलं की मनीषा काही बोलली नाही तर तुम्ही काय कराल. भाऊजी म्हणाले, बोलेल. त्यांचा हिशेब फॅक्टरीचाच होता, चूक सापडली, दुरुस्त केली, आता नग पास व्हायला पाहिजे.

पुढच्या मंगळवारी ते आले तेव्हा दाढी केलेली नव्हती.

"मागितली," ते दीपाला म्हणाले. "पाटावर बसूनच मागितली. म्हटलं, मनीषा, तो स्वेटर मी तुला न विचारता दिला. माझं चुकलं. ती पोळी लाटून राहिली होती. लाटणं थांबलं. मग म्हणाली, ठीक है. चाय रख दूँ?"

"तुम्हाला काय वाटलं?"

"काय वाटणार." आवाज फुटला तशी त्यांनी मान वळवली. "मीच मेलो असं वाटलं."

दीपाने त्यांना रडू दिलं. गप्प व्हा म्हणाली नाही, होईल सगळं ठीक असंही म्हणाली नाही. मग हळूच म्हणाली, "त्या कदाचित मराठीत परत येणार नाहीत, काका. येतीलही. ते आपल्याला माहीत नाही. माफी तुमच्या हातात होती, ती तुम्ही मागितली. आता आणखी काय आहे तुमच्या हातात?"

"मी घरात त्याचं नाव घेतो आता. रोज. ती ऐकते, उठून जात नाही. पण मी एकटाच घेतो. बाहेरून कुणी येते, तर सगळे असे बोलतात की तो जन्मलाच नव्हता."

"मग?"

"मग कुणाला तरी सांगावं लागेल."

"कुणाला?"

भाऊजींनी वळून ओट्याकडे, माझ्याकडे पाहिलं. पुढच्या भेटीची वेळ ठरली, फोन बंद झाला. मी चहा घेऊन गेले आणि समोर बसले. त्यांनी कप हातात घेतला, प्यायले नाहीत.

"वहिनी, तुम्हाला एक सांगू का? सल्ला नाही मागून राहिलो."

"सांगा ना, भाऊजी."

"आमच्याकडे याल तेव्हा मनीषाशी मराठीत बोला. ती हिंदीत उत्तर देईल, देऊ द्या. आणि स्वप्निलचं नाव घ्या."