रिकामा तळहात

सासूबाईंसोबत पूजेला बसणं म्हणजे रोजची परीक्षाच. निजामाचं राज्य जाऊन चार-पाच वर्षं झालेली, मी लग्न होऊन मानवतजवळच्या त्या गावात नवी. आम्ही लिंगायत. सकाळी आंघोळ झाली की गळ्यात दोऱ्यानं बांधलेलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घ्यायचं, विभूती लावायची, बेल वाहायचा आणि त्यावर नजर लावून बसायचं. तोवर पाण्याचा थेंबही नाही. मठातले महाराज सांगायचे, मनाला एका जागी बांधणं ही धारणा. ते तिथं तेलाच्या धारेसारखं न तुटता राहिलं की ध्यान. सासूबाईंनी ते सोपं करून टाकलं होतं. नजर हालली की मन हाललं. माझी रोज हालायची, अन् रोज बोलणी बसायची.

त्या सकाळी आंघोळीला गेले तर गळा मोकळा. दोरा तुटून लिंग कुठं पडलं, पत्ता नाही. आदल्या दिवशी मी कापूस वेचून ओटीत भरला होता, आणि तो सगळा आता दारातल्या गाडीत होता. गाडी सेलूच्या जिनात, सरकी काढायला, निघायच्या बेतात. आमच्यात लिंग हरवलं की सापडेपर्यंत अन्नपाणी बंद. सापडलंच नाही तर काय, हे विचारायची कुणाची हिंमत नसे. आणि मला तेव्हा पाचवा महिना.

सांगायची छाती झाली नाही. रिकाम्या तळहातावर बेलाची पानं रचली आणि सासूबाईंच्या शेजारी जाऊन बसले. बाहेर नवरा बैल जुंपत होता. हात थरथरला तर पानं सरकणार, सरकली तर उघडी पडणार. मी पापणीसुद्धा लवू दिली नाही. मन भीतीनंही एका जागी राहतं, हे काही महाराजांनी सांगितलं नव्हतं.

"आज बसलीस बघ," सासूबाई म्हणाल्या. "आज खरं ध्यान लागलं तुझं." आणि स्वतःच्या हातानं पाण्याचा तांब्या पुढं केला.

लग्नानंतरचं पहिलं कौतुक, अन् तेही असं! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तांब्या तोंडापर्यंत नेला, पण पाणी काही पिववेना. खाली ठेवला आणि तळहात उघडून दाखवला.

त्या ओरडल्या नाहीत. तांब्याकडं बघत म्हणाल्या, "मग मी बी न्हाई पेत." तशाच बाहेर गेल्या आणि बैल सोडायला लावले. नवरा लय कुरकुरला, पण गाडी रिकामी केली. अंगणात कापसाचा ढीग, आणि आम्ही दोघी मूठ-मूठ चाचपत बसलो. ऊन डोक्यावर आलं. माझे ओठ वाळले, गरगरायला लागलं. सासूबाईंची बोटं तेवढी चालत होती.

उन्हं कलल्यावर ती बोटं थांबली. त्यांनी लिंग धुतलं, नव्या दोऱ्यात बांधलं, माझ्या तळहातावर ठेवलं आणि बस म्हणाल्या. बसले. पण खरं सांगते, मन सरळ चुलीजवळच्या भाकरीकडं गेलं.

"हालली नजर," सासूबाई म्हणाल्या. "हालू दे. पी आता."

तांब्या त्यांनीच माझ्या तोंडाला लावला. त्यांचा हात एवढा थरथरत होता की निम्मं पाणी माझ्या पदरावर सांडलं.