भुई झाली त्याचं गाणं

बोईसरच्या पूर्वेला, डोंगराच्या पायथ्याशी बुधी एकटीच राहायची. नवरा गेला, एकुलती लेक बाळंतपणात गेली, आणि म्हातारीच्या वाट्याला एक झोपडी, दोन कोंबड्या नि एक गाणं उरलं. गाणं असंतसं नव्हे बरं का! बुधी धवलेरी होती, वारल्यांची लग्नं लावणारी. भुई कशी झाली, सूर्य-चंद्र कुठून आले, हे सगळं तिनं भिंतीवर काढलेल्या लग्नाच्या चित्रासमोर, चौकासमोर, गायचं. ते पुरं झाल्याशिवाय लग्न लागत नाही. तीनदा तुटलं तर वऱ्हाड उठून जातं. आणि अख्ख्या पाड्यात ते पुरं येणारी ती एकटीच.

शेजारची कमळी रोज पहाटे विस्तव न्यायला यायची. विस्तव न्यायला आलेलं माणूस उभ्या उभ्या परत फिरतं. ही कार्टी उंबऱ्यावर बूड टेकायची ती उठायचं नाव नाही. बुधी भात कांडता कांडता आपल्याशीच गाणं म्हणत असायची.

"विस्तव न्यायला आलीस का वस्तीला?" ती खेकसायची. कमळी नुसती हसायची.

चौसष्ट साली पाड्यावर शाळा झाली, मास्तर आले. बुधीनं एकदा विचारलं, "मास्तर, आभाळ केवढं हाय?"

मास्तर भला माणूस, पण जिभेला लगाम नाही. सुटलेच! म्हणे सूर्याच्या पोटात लाखो पृथ्व्या मावतील, आणि असे सूर्य इतके की मोजता मोजता जन्म सरेल. त्यांच्या मधे नुसती पोकळी.

"न् आपला पाडा?"

"तिथून? दिसायचासुद्धा नाही, आजी."

झालं! म्हातारीच्या जिवाला घोर लागला. सुरुवातीला देव एकटा होता, असं ती जन्मभर गात आली होती. पण एवढ्या पोकळीत एकटं म्हणजे काय, हे तिला आता कळलं. झोपडी तिला खायला उठू लागली.

पुढच्या चैत्रात कमळीचं लग्न निघालं. सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं चौक लिहिला, सारा पाडा जमला, आणि बुधीनं गाणं धरलं.

"पाणी व्हतं, काळोख व्हता, देव एकला व्हता..."

पुढची ओळ येईना. तिनं पहिल्यापासून धरलं. पुन्हा तिथंच अडली. कमळीच्या बापाला घाम फुटला. नवऱ्याचा चुलता भिका कांबळं झटकून म्हणाला, "आता तुटलं तर आमी निघालो."

बुधीनं तिसऱ्यांदा धरलं. "देव एकला व्हता..."

नवरीनं त्या दिवशी तोंड उघडायचं नसतं. पण पदराआडून बारीक आवाज आला, "देवानं हाक मारली. ऐकाया कोणी नाय, म्हून त्यानं भुई केली."

ओळ तीच, चाल तीच, दम घ्यायची बुधीची जागासुद्धा तीच. बुधी रडत रडत पुढं गायली, आणि लग्न लागलं.

दुसऱ्या दिवशी कमळी डोंगरापलीकडं सासरी निघाली. पाया पडली तेव्हा बुधी खेकसली, "कवा शिकलीस गं, चोरटे?"

"विस्तव आमच्या घरी बी व्हता, आये," कमळी म्हणाली, आणि गेली.

पहाटे म्हातारीनं सवयीनं विस्तव फुलवला. उंबरा रिकामा होता. तिला फार एकटं वाटलं. मग तिनं मुसळ उचललं आणि गाणं धरलं, डोंगरापलीकडं ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.