मेजरची गाडी आणि भोंग्यातली शिट्टी

इंजिन बंद असलं की भोंगा स्वच्छ बोलत होता. इंजिन चालू केलं की आवाजात बारीक शिट्टी मिसळायची. ॲक्सिलरेटर पिळला की शिट्टी चढायची, सोडला की उतरायची. मी हे चार वेळा करून पाहिलं. गाडीचे मालक शेजारी हात मागं बांधून उभे होते.

त्यांचं नाव हणमंतराव. तोफखान्यातून हवालदार म्हणून रिटायर झालेले. पण आमच्या भागात फौजेतून आलेला प्रत्येकजण मेजरच असतो, त्यामुळं तेही मेजर. नदीकाठच्या एका गावात ग्रामपंचायतीचे निरोप देण्याचं काम त्यांच्याकडं होतं. मोटरसायकलच्या कॅरियरवर ॲम्प्लिफायर, त्यावर भोंगा, आणि मोबाईलमध्ये सरपंचबाईंच्या आवाजात रेकॉर्ड केलेला निरोप. मेजर गल्लीगल्लीतून सावकाश गाडी चालवायचे आणि मोबाईल बोलायचा.

माझं आष्ट्यात ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे. आधी रेडिओ आणि टेप दुरुस्त करायचो. ते धंदे बसले, तसा गाड्यांच्या वायरिंगकडं वळलो. त्यामुळं गाडीवर आवाजाचं काम आलं की मला जरा जास्तच रस वाटतो.

"नेमकं झालंय काय, मेजर?" मी विचारलं.

"धरणातनं पाणी सोडणार हुते. नदीवरच्या पाणी उपसायच्या मोटारी काढून घ्या म्हणून मी सगळ्या गावातनं फिरलो. खालच्या आळीतली म्हणत्यात, आमाला भोंग्यातलं काय कळलंच न्हाई. दोघांच्या मोटारी पाण्यात गेल्या." त्यांनी गाडीकडं बघितलं. "आता मेंबर लोक म्हणत्यात, मेजरला बसवा घरी, सांगलीची स्पीकरवाली रिक्षा लावू."

"आणि सरपंच?"

"त्या म्हणल्या, आधी मिस्त्रीला दाखवून या. संध्याकाळी त्या स्वतः येणार हायत."

फिटिंग मेजरनं स्वतः केलं होतं. एकही वायर लोंबत नव्हती, दर वीतभर अंतरावर क्लिप. इतकं नीट काम माझ्या दुकानातही रोज होत नाही. असल्या कामात चूक शोधायची म्हणजे अवघड.

शिट्टी इंजिनाबरोबर चढते-उतरते, म्हणजे ती येते अल्टरनेटरमधून. अल्टरनेटर म्हणजे इंजिनाबरोबर फिरून वीज तयार करणारा भाग. ती वीज बॅटरीत जाते, पण जरा थरथरत जाते. दिव्याला, हॉर्नला त्याचं काही वाटत नाही. ॲम्प मात्र मिळेल ती थरथर मोठी करून भोंग्यातून बाहेर टाकतो. येते कुठून हे कळलं होतं. आत कुठून शिरते हे शोधायचं होतं.

आधी मी मोबाईलची वायर ठिणगी पाडणाऱ्या इग्निशन कॉइलपासून लांब नेली. फरक नाही. मग प्लसच्या वायरवर असली थरथर गाळणारा नॉइज फिल्टर लावला. शिट्टी जरा दबली, गेली नाही. तासभर यात गेला.

"आता कमी वाटती का, मेजर?"

"काय कमी?"

"ही शिट्टी."

"कुठली शिट्टी?"

मी ॲक्सिलरेटर पिळला. रस्त्यापलीकडचा चहावाला कपाळाला आठ्या घालून आमच्याकडं बघायला लागला.

"इंजिनचा आवाज हाय की ह्यो," मेजर म्हणाले.

मी इंजिन बंद केलं. मग मी विचारलं, "तोफेजवळ किती वर्षं हुता?"

"अठरा."

"कानात काय घालत हुता का?"

"तवा कोण घालतंय गड्या." ते भोंग्याकडं बघत राहिले. "माणसाचं बोलणं ऐकू येतंय मला. बारीक आवाज न्हाई येत. नातीच्या घड्याळाचा गजर बी न्हाई येत. मला वाटायचं, लोकं उगं माझ्या नावानं बोंबलत्यात." मग हळूच म्हणाले, "हे सरपंचांना सांगू नगा."

मी होय म्हणालो नाही, नाही म्हणालो नाही. माणूस खोटं बोलत नव्हता. पण ज्या गाडीवर गावाच्या मोटारी आणि जनावरं अवलंबून, तिचा बिघाड चालवणाऱ्यालाच ऐकू येणार नसेल तर काय करायचं, हे मला सुचत नव्हतं. म्हणून मी व्होल्ट मोजायचा मीटर काढला. ऐकू येत नसलेली गोष्ट निदान दाखवता तरी येते.

वीज बॅटरीच्या प्लसमधून निघते, काम करते आणि मायनसला परत येते. गाडीवर परतीसाठी बहुतेक वेळा चासीचं, म्हणजे सांगाड्याचं, लोखंडच वापरतात. त्याला आम्ही अर्थिंग म्हणतो. परतीची वाट चांगली असेल तर ॲम्पचा मायनस आणि बॅटरीचा मायनस यांच्यात मीटरला जवळपास शून्य दिसायला पाहिजे. मी मीटरच्या वायरींच्या दोन सुया दोन्हीकडं लावल्या आणि मीटर मेजरच्या हातात दिला. मग इंजिन चालू करून निरोप लावला.

"पॉइंट चार," मेजर म्हणाले. "आता पॉइंट पाच. सारखं हालतंय."

"तीच शिट्टी हाय ती."

त्यांनी मीटर डोळ्यांजवळ धरला. स्वतःच हात लांब करून ॲक्सिलरेटर पिळला, सोडला, पुन्हा पिळला. तोफेचं माप घेताना हा माणूस असाच उभा राहत असेल, असं मला वाटून गेलं.

चूक सापडली ती कॅरियरच्या बोल्टखाली. मेजरनं ॲम्पची मायनस वायर तिथं आवळली होती. बोल्ट घट्ट होता, पण कॅरियरला जाड रंग होता आणि रंगातून वीज नीट जात नाही. मी जाड वायर घेतली आणि ॲम्पचा मायनस थेट बॅटरीच्या मायनसला जोडला. प्लसच्या वायरवर बॅटरीपाशीच फ्यूज टाकला, तोही आधी नव्हता. वायर कुठं घासून उघडी पडली तर फ्यूज जावा, गाडी पेटू नये.

मेजरनं मीटर बघितला. "शून्यावर आलं. झालं काम."

"न्हाई झालं. अजून बारीक वाजतंय."

"मीटर तर न्हाई म्हणतोय."

आता त्यांचा मीटरवर विश्वास आणि माझा कानावर. दोघंही थोडे बरोबर होतो. मी सहज मोबाईलची चार्जिंगची पिन काढली आणि शिट्टी एकदम बंद. परत लावली, परत सुरू.

निरोप लांब असतो म्हणून मेजर मोबाईल गाडीच्या चार्जरवर ठेवत होते. चार्जरचं अर्थिंग हँडलजवळ होतं, ॲम्पचं आता बॅटरीवर, आणि ॲम्पची पत्र्याची पेटी कॅरियरला टेकलेली. परतीला दोन-तीन वाटा मिळाल्या की थरथर त्यांतून गोल फिरत राहते आणि मोबाईलच्या वायरीतून ॲम्पमध्ये घुसते. मी चार्जरचं अर्थिंगही बॅटरीवर त्याच जागी आणलं आणि ॲम्पच्या पेटीखाली रबराचे तुकडे घातले. मग इंजिन चालू, चार्जिंग चालू, ॲक्सिलरेटर पूर्ण. सरपंचबाईंचा आवाज तेवढा ऐकू येत होता.

चहावाल्यानं मान हलवली. मी मेजरला म्हणालो, "त्यो बघा, त्याला इचारा."

संध्याकाळी सरपंच वैशालीताई आल्या. भोंगा ऐकला, मला काय काय केलं ते विचारलं. मी वायरींपुरतंच सांगितलं. मेजर मध्येच म्हणाले, "ताई, एक ऱ्हायलं. मला बारीक आवाज ऐकू येत न्हाई. तोफेनं कान गेलाय. परत खराब झालं तर मला कळायचं न्हाई."

ताई त्यांच्याकडं वळल्या. "आवं मेजर, मग हे आधी सांगायचं. मला तरी कुठं माईकवर सलग बोलता येतंय? म्हणून तर रेकॉर्ड केलं. गाडी तुमी चालवा. निघायच्या आधी अंगणवाडीच्या बाईंना ऐकवून जावा."

पुढच्या वेळी पाणी सोडलं तेव्हा खालच्या आळीतल्या सगळ्या मोटारी वेळेत वर आल्या. रिक्षाचा विषय परत निघाला नाही. मेजरनं मीटर विकत घेतला, आणि मोटारींचे वायरमनही आता त्यांच्याकडं मापं बघायला येतात, असं ऐकतो.

मी मात्र एक सवय लावून घेतली. आवाजाची तक्रार घेऊन कुणी आलं की आधी विचारतो, हा आवाज तुम्ही स्वतः ऐकला, की कुणी सांगितला? मग अर्थिंग बघतो. बहुतेक वेळा बोल्टखाली रंगच असतो.