माहेरच्या गावात भाड्याचं घर

मी हिंगोलीत तीन दिवस भाड्याच्या घरात राहिले. हिंगोली माझं माहेर आहे आणि थोरला भाऊ अजून तिथेच राहतो, हे आधीच सांगून टाकते. मला वेड्यात काढायचं असेल तर इथूनच सुरुवात करता येईल.

दादाच्या लेकीचं बाळंतपण माहेरीच झालेलं, आणि तिच्या बाळाचं बारसं होतं. माझे गुडघे गेलेले, खाली बसता येत नाही, आणि दादाकडचा संडास जुन्या पद्धतीचा. बाळंतीण, पाहुणे, त्यात माझी ही तऱ्हा. पुण्यात बसून मुलाने मोबाइलवर शोधलं तर गावाच्या अगदी मध्यात एक घर मिळालं. 'सुट्टीसाठी सुसज्ज फ्लॅट.' हिंगोलीत सुट्टी घालवायला कोण येतं, हा प्रश्न तेव्हाच पडायला हवा होता. वहिनीला फोन करून सांगितलं, "तुम्हाला उगाच तकलीफ नको." ती नुसतं "बरं," म्हणाली. तो मी होकार समजले.

घर झकपक होतं. देखभाल करणाऱ्या माणसाने वही पुढे केली. 'गाव' या रकान्यात मी सवयीने हिंगोली लिहिलं. तो म्हणाला, "मावशी, बाहेरचा पत्ता लिहा. इथल्या माणसाला हे घर काहून लागंल?" मी खोडून पुणे लिहिलं. 'येण्याचे कारण' पाशी पेन अडकलं. माहेरी आले असं लिहावं, तर मग इथे काय करताय, असं तो विचारणार. शेवटी 'पर्यटन' लिहिलं. त्याने लगेच औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला जायची गाडी कुठून मिळते ते समजावून सांगितलं, आणि मीही मुकाट्याने ऐकून घेतलं.

चौथ्या मजल्याच्या गॅलरीतून मला माझं गाव ओळखू येईना. शाळेचा रस्ता शोधला, सापडला नाही. नुसत्या पाण्याच्या टाक्या आणि पत्रे. दादाचं घर नेमकं कुठल्या अंगाला, तेही सांगता येईना.

बारशाला गेले. हात धुवायला मागे गेले तर न्हाणीशेजारी नवाकोरा कमोड. झाकणावरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं. वहिनी मागून म्हणाली, "तुमच्या गुडघ्यांपायी यांनी बसवून घेतला. आमी कोण बसतो त्याच्यावर?"

मी ओशाळले. मग रागही आला. फोनवर सांगायला काय झालं होतं? तसं विचारलं.

"तुमी घर घेऊनच बसल्या होत्या. मग काय सांगावं?" म्हणाली, आणि पाळण्याकडे निघून गेली.

तेव्हाच बॅग उचलून तिकडे जायला हवं होतं. पण राहायला या, असं कोणी म्हणेना, आणि न बोलावता माहेरी जायचं की नाही, हे मला ठरवता येईना. संध्याकाळी हट्टाने रिक्षा करून फ्लॅटवर परत आले. माहेर हातचं जात होतं, एवढं कळत होतं. ते मी सोडलं की त्यांनी, ते मात्र कळत नव्हतं.

निघायच्या दिवशी सकाळी दादा-वहिनी दोघं फ्लॅटवर आली. वहिनी सोफ्याच्या कडेला टेकली, परक्याच्या घरी टेकतात तशी. मी "संकोच करू नका" म्हणाले आणि जीभ चावली. ती काचेची शेगडी मला पेटेना, दादालाही पेटेना. चहा राहिला. दादा फ्रिजवर चिकटवलेले नियम मोठ्याने वाचत बसला.

मग वहिनीने पिशवीतून तांदूळ, नारळ, खण, हळदकुंकू काढलं. माहेरवाशीण सासरी निघाली की तिची ओटी भरायची, ती भरायला आली होती. "तोंड पूर्वेला करा," म्हणाली. पूर्व कुठली? तिघांनी तीन बाजू दाखवल्या. शेवटी दादाने पडदा सारला, ऊन कुठून येतंय ते पाहिलं आणि माझी खुर्ची फिरवली. वहिनीने कुंकू लावलं, पदरात ओंजळीने तांदूळ घातले, नारळ ठेवला.

ओटी घेतलेल्या बाईने घराबाहेर पडायचं आणि घरच्यांनी दारात उभं राहायचं, ही रीत. इथे सगळं उलटं. वहिनी चपला घालायला गेली आणि तिथेच थबकली.

"ताई, हे काही बराबर न्हाई. ओटी तुमची भरली, अन् जाऊन राहिलो आमी."

"मग मी काय करू?"

"तुमी निघा. आमी थांबतो."

माझी बॅग उघडी पडली होती, औषधं टेबलावर होती. तरी पदर सांभाळत मी बाहेर पडले आणि लिफ्टपर्यंत गेले. वळून पाहिलं तर त्या परक्या दारात वहिनी डोक्यावर पदर घेऊन उभी, शेजारी दादा.

"या ताई," ती म्हणाली. "राहायला या."

मला रडू आवरेना. कसंबसं "येते" म्हणाले. लिफ्ट आली, उघडली आणि रिकामीच खाली गेली. आता लगेच मागे फिरावं का, किती वेळ थांबावं, काही सुचेना. ती दोघंही दारातून हलेनात. अकराला घर रिकामं करून द्यायचं होतं, आणि माझं माहेर अजून त्या दारात उभं होतं.