टोरीचं तेल

दवाखान्याच्या फरश्या पुसून आले आणि माझ्या आईनं विणलेली शाल मुलीला हवी म्हणून तिची उसवलेली जाळी सांधायला घेतली. भेगाळलेल्या बोटांना धागा अडकू लागला, तेव्हा टोरीचं तेल चोळलं. मोहाच्या बियांच्या त्या उग्र वासासरशी आई समोर आली.

दिवसभर विड्यांसाठीचा तेंदूपत्ता तोडून ती अंगणातल्या बाजेवर हीच शाल विणत बसली होती. तलावावरून गार वारा सुटला होता. खरखरीत बोटांना सूत अडकलं की ती तेल लावायची, पुन्हा सुया उचलायची.

"थकली नाही का वं, माय?"

"बसली तं आहो."

मला ते खरंच वाटलं होतं.

"आई, थकली का?" आता मुलगी विचारते.

"बसली तं आहो," मी म्हणते.